दारात बांधलेली दोरी : 'मूलादे' दाखवताना शिकलेलं

सेनेगलचे उस्मान सेंबेन यांनी 'मूलादे' पूर्ण केला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. २००४ मध्ये कान महोत्सवात 'अन सर्टन रिगार्ड' विभागाचा सर्वोच्च पुरस्कार या चित्रपटाला मिळाला. हा त्यांचा शेवटचा चित्रपट. २००७ मध्ये ते गेले. विषय मुलींच्या सुंतेचा. लहान मुलीच्या गुप्तांगाचा भाग कापून टाकायचा आणि त्याबद्दल आयुष्यभर चकार शब्द काढायचा नाही, अशी ही प्रथा.

चित्रपट मंडळाच्या कामात, परिचर्या महाविद्यालयांत, महिला मंडळांत आणि लघुपट कार्यशाळांत मी हा चित्रपट वर्षानुवर्षं दाखवत आले आहे. ज्या गोष्टीबद्दल घरात, दारात, देवळात-मशिदीत बोलायचं नसतं, तिच्यावर चित्रपट करू पाहणाऱ्यांसाठी आणि दाखवू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

१. विषय सांगू नका, गोष्ट सांगा.

खेळाआधी प्रास्ताविकात "आज आपण स्त्रियांच्या सुंतेवरचा चित्रपट पाहणार आहोत" असं म्हटलं की अर्धी सभा मनानं उठून जाते. बायका पदर सावरतात, पुरुष दाराकडे बघतात. मी एवढंच सांगते : पश्चिम आफ्रिकेतलं एक गाव आहे. सहा लहान मुली एका विधीतून पळाल्या आहेत. त्यांतल्या चौघी कोले नावाच्या बाईच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आहेत आणि म्हणताहेत, आम्हाला वाचव. कोले आपल्या वाड्याच्या दारात एक रंगीत दोरी आडवी बांधते. त्या गावच्या जुन्या रिवाजानुसार शरण आलेल्याला असं अभय दिलं की ती दोरी ओलांडायची कुणाची प्राज्ञा नसते. अभय मागे घ्यायचा शब्द फक्त कोलेच उच्चारू शकते.

इतकं ऐकलं की माणसं खुर्चीत सरसावून बसतात. पुढे काय होणार, गाव काय करणार, नवरा काय म्हणणार? विषय त्यांच्यापर्यंत पोहोचतो, पण या प्रश्नांच्या मागोमाग.

२. प्रथेला अडवायचं तर त्याच मातीतलं काहीतरी हाताशी हवं.

कोले ना शहरातून आलेली, ना शिकलेली. कुठल्या संस्थेची कार्यकर्तीही नाही. तीन बायकांच्या घरातली ती मधली. तिची स्वतःची सुंता झाली आहे, त्यापायी तिची दोन मुलं जन्माच्या वेळी गेली आहेत. तिसरी, अमसातू, पोट फाडून काढावी लागली, आणि त्या टाक्यांचा व्रण ती एका प्रसंगात उघडा करून दाखवते. अमसातूची सुंता तिनं होऊ दिली नाही, हे गावाला ठाऊक आहे आणि गाव ते विसरलेलं नाही.

ही बाई सुंतेच्या प्रथेसमोर पोलीस उभे करत नाही, कायद्याचं पुस्तक उभं करत नाही. ती दुसरी, तितकीच जुनी प्रथा उभी करते. गावातल्या मशिदीजवळ एक वारूळ आहे. अभय मोडणाऱ्या राजाचं काय झालं, याची आठवण म्हणून गाव त्या वारुळाकडे बघतं. म्हणजे दोरी तोडायची तर पूर्वजांचा कोप, आणि दोरी राखायची तर मुली सुंतेविना राहणार. गावच्या वडीलधाऱ्यांची खरी अडचण ही आहे. बाहेरच्यानं येऊन "तुम्ही रानटी आहात" म्हटलं असतं तर त्यांनी ते क्षणात झटकलं असतं. घरच्याच सुनेनं घरचाच नियम पुढे केला, तिथे त्यांना उत्तर सापडत नाही.

आपल्याकडच्या तरुणांचे लघुपट मी बरेच पाहते. स्पर्धांचे, महाविद्यालयांचे, संस्थांनी करून घेतलेले. मासिक पाळी, मनोविकार, समलिंगी प्रेम, विधवेचं कुंकू, असे विषय निवडण्याचं धाडस त्यांच्यात आहे आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण बहुतेकांत शहरातून आलेली एक ताई असते आणि शेवटी ती भाषण करते. त्या मुलामुलींना मी सांगते, ताई काढून टाका. घरातली कोण उभी राहील ते शोधा. तिच्या हातात घरातलीच कुठली वस्तू, कुठला रिवाज, कुठला हक्क आहे ते शोधा. पटकथा तिथून सुरू होते.

३. खलनायक शोधत बसलात तर विषय हातून सुटतो.

सुंता करणाऱ्या बायका चित्रपटात लाल कपड्यांत, रांगेनं येतात. त्यांना पाहून अंगावर काटा येतो. पण चर्चेत सगळा राग त्यांच्यावर निघू लागला की मी थांबवते आणि आयांबद्दल विचारते. कारण मुलींना त्या बायकांच्या हाती देणाऱ्या आयाच आहेत. एक आई तर कोलेच्या वाड्यातून आपली मुलगी गुपचूप काढून नेते, तिची सुंता करवते, आणि मुलगी जाते. त्या आईला आपल्या लेकीचं वाईट करायचं होतं का? मुळीच नाही. सुंता न झालेल्या मुलीला त्या गावात नवरा मिळत नाही. 'बिलाकोरो' हा तिथला शब्द शिवीसारखा तोंडावर फेकला जातो. लेकीचं लग्न व्हावं, तिला पंक्तीत पान मिळावं, एवढीच त्या आईची इच्छा.

हे ध्यानात आलं की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो : एकट्या आईनं ठरवून काय होणार? याचं उत्तर सेनेगलमध्येच, चित्रपटाच्या काही वर्षं आधी, माणसांनी शोधलं होतं. मालिकुंडा बांबारा या गावातल्या बायका 'तोस्तान' या संस्थेच्या वर्गांना जात होत्या. तिथे आरोग्य आणि हक्क यांबद्दल शिकता शिकता त्या सुंतेवर बोलू लागल्या आणि ३१ जुलै १९९७ रोजी त्यांनी पत्रकारांसमोर जाहीर केलं की आमच्या गावात हे आता होणार नाही. आजूबाजूच्या गावांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. मग केर सिंबारा गावचे इमाम डेंबा डियावारा यांनी एक साधी गोष्ट ओळखली. आपल्या मुली दिल्या-घेतल्या जातात त्या सगळ्या गावांनी मिळून ठरवलं तरच हे टिकेल, एरवी एका गावाच्या मुली बिनलग्नाच्या राहतील. ते पायी गावोगाव सोयऱ्याधायऱ्यांकडे गेले, बसले, बोलले. फेब्रुवारी १९९८ मध्ये दियाबुगू इथे १३ गावांनी एकत्र घोषणा केली. सेनेगलमध्ये कायदा आला तो त्यानंतर, १९९९ मध्ये.

सोयरिकीच्या जाळ्याबद्दल मराठी माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. "लोक काय म्हणतील" यातले लोक म्हणजे नेमके कोण? तर ज्यांच्या घरी आपली मुलगी द्यायची आहे ते. हुंडा असो, बालविवाह असो, जातीबाहेरचं लग्न असो, एकट्या घराला धीर होत नाही तो याच कारणानं. म्हणून चर्चेत मी "तुम्ही काय कराल?" असं विचारत नाही, "तुमच्याबरोबर आणखी कोण असेल?" असं विचारते. पहिल्या प्रश्नावर सभा गप्प होते. दुसऱ्यावर नावं निघतात. जाऊ, नणंद, शेजारीण, कधी गावातली जुनी सुईण.

चित्रपटातही हेच घडतं. कोलेची थोरली सवत हजातू सुरुवातीपासून तिच्या पाठीशी आहे. पुढे मेलेल्या मुलीच्या आईचा आक्रोश गावातल्या बायकांना एकत्र आणतो आणि त्या सुंतेची हत्यारं हिसकावून घेतात.

४. वेदना दाखवण्यासाठी जखम दाखवावी लागत नाही.

चित्रपटात एक रात्र आहे. कोलेचा नवरा तिच्याजवळ येतो. तिला होणारा त्रास तिच्या चेहऱ्यावर आहे, आणि ओरडू नये म्हणून ती स्वतःचं बोट दातांखाली धरते. बोटातून रक्त येतं. त्याच प्रसंगात अधूनमधून त्या विधीची दृश्यं येतात. कॅमेरा कापल्या जाणाऱ्या शरीराकडे जात नाही. सकाळी कोले उठते आणि कामाला लागते. नवऱ्याला काही कळलेलं नसतं.

या एका प्रसंगात वैद्यकीय माहितीपत्रकातली कितीतरी पानं आली. सुंतेचा परिणाम त्या एका दिवसापुरता नसतो. लग्नाच्या रात्री, बाळंतपणात, लघवीच्या त्रासात, जंतुसंसर्गात, मनात बसलेल्या भीतीत तो आयुष्यभर पुरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं या प्रथेचे चार प्रकार मानले आहेत आणि त्यांपैकी कुठल्याच प्रकाराचा आरोग्याला काडीचाही फायदा नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. परिचर्येच्या विद्यार्थिनींना ही यादी पाठ असते. पण बोट चावणारी कोले पाहिल्यावर त्यांच्यातली कुणीतरी हमखास विचारते, "म्हणजे बाळंतपणात अशी पेशंट आली आणि काही बोललीच नाही, तर आपल्याला कळणार कसं?" तो प्रश्न मला त्या यादीपेक्षा मोलाचा वाटतो.

कोलेची भूमिका करणाऱ्या फातुमाता कुलिबाली यांच्याबद्दलही सांगायला हवं. त्या मालीतल्या पत्रकार आणि अभिनेत्री. या प्रथेविरुद्ध त्यांनी प्रत्यक्ष काम केलेलं आहे. पडद्यावरची कोले कुठेही अभिनय करते आहे असं वाटत नाही, त्याचं कारण मला यात दिसतं.

५. गप्प राहण्यावर जे उभं असतं, त्याला पहिली भीती बोलण्याची वाटते.

गावच्या पुरुषांचा पहिला हुकूम काय? बायकांचे रेडिओ काढून घ्या. मशिदीसमोर रेडिओंचा ढीग पडतो, त्यातले काही अजून वाजत असतात, आणि त्यांना आग लावली जाते. कोलेनं रेडिओवरच ऐकलेलं असतं की इस्लामनं सुंता सांगितलेली नाही. मक्केला जाणाऱ्या लाखो बायकांची सुंता झालेली नसते.

केनियात असंच २०१८ मध्ये घडलं. वानुरी काहियू यांच्या 'रफिकी' या दोन तरुणींच्या प्रेमाच्या चित्रपटावर तिथल्या चित्रपट परीक्षण मंडळानं बंदी घातली. शेवट आशेचा का, तो पश्चात्तापाचा हवा, असा आग्रह होता. दिग्दर्शिकेनं शेवट बदलला नाही. न्यायालयानं ७ दिवसांपुरती बंदी उठवली, तर नैरोबीतली चित्रपटगृहं भरून गेली. निषिद्ध विषयावर बोलायला माणसं किती आतुर असतात, याचा हा पुरावा.

६. पुरुषांना घरी पाठवू नका.

"हा बायकांचा विषय, तुम्ही बाहेर बसा" असं म्हणून काही ठिकाणी पुरुषांना वगळलं जातं. पहिल्या खेळाला ते योग्यही असेल, कारण बायकांना आधी आपापसात बोलायची मोकळीक हवी असते. पण 'मूलादे'त पुरुषांसाठी फार मोठं काही आहे. कोलेचा नवरा सिरे वाईट माणूस नाही. थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर जाता येत नाही म्हणून तो भर चौकात बायकोवर चाबूक उगारतो. "शब्द उच्चार" असं पुरुष ओरडतात, "उच्चारू नकोस" असं बायका. फटक्यावर फटका पडतो, कोले उभी राहते आणि शब्द तोंडातून काढत नाही. चाबूक थांबवतो तो गावाबाहेरचा एक फेरीवाला. एके काळचा सैनिक, चढ्या भावानं पाव आणि बॅटऱ्या विकणारा, बायकांशी चावटपणा करणारा. कुणाही पटकथाकारानं नायक म्हणून निवडला नसता असा. त्या रात्री गावचे पुरुष त्याला मारून टाकतात.

आणि इब्राहिमा, फ्रान्सहून परतलेला सरपंचाचा मुलगा. त्याचं लग्न अमसातूशी ठरलेलं असतं. बाप म्हणतो, सुंता न झालेली सून मला नको. शेवटी तो मुलगा सगळ्यांदेखत बापासमोर उभा राहतो.

तरुण मुलांच्या गटात मी फक्त सिरेवर बोलते. मारणारा हात त्याचा, पण चाबूक भावानं दिलेला. घरच्या मोठ्यांपुढे नाही म्हणता न येणं काय असतं, हे आपल्याकडच्या मुलांना पुरेपूर माहीत आहे आणि त्याबद्दल बोलायची संधी त्यांना कुणी देत नाही. तुम्ही ती द्या.

७. पुरस्कार हे शिफारसपत्र आहे, मुक्काम नाही.

सेंबेन कोळ्याच्या घरी, कासामान्स प्रांतातल्या झिगिन्शोर इथे १९२३ मध्ये जन्मले. मार्सेयच्या गोदीत हमाली केली. फ्रेंचमध्ये कादंबऱ्या लिहिल्या, नाव झालं. पण ज्यांच्यावर लिहिलं त्यांना ती पुस्तकं वाचता येत नाहीत, हे त्यांना बोचत राहिलं. चाळिशीच्या उंबरठ्यावर ते मॉस्कोला जाऊन चित्रपट शिकले आणि १९६३ मध्ये 'बोरोम सारेत' हा जेमतेम वीस मिनिटांचा लघुपट केला. डकारमधल्या एका गाडीवानाचा एक दिवस. आफ्रिकेत कृष्णवर्णीय आफ्रिकी माणसानं केलेल्या चित्रपटांची सुरुवात बहुतेक अभ्यासक या वीस मिनिटांपासून धरतात. चित्रपट म्हणजे रात्रशाळा, असं ते मानत. सुमित्रा भावे यांची वाट मला अशीच वाटते. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासाकडून 'बाई' या १९८५ च्या लघुपटाकडे वळल्या, कारण ज्या बायकांचं जगणं अभ्यासलं त्या बायकांपर्यंत ते न्यायचं होतं.

लघुपट करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. महोत्सवाचा शिक्का मिळवा, जरूर मिळवा, त्यानं दारं उघडतात. पण ज्यांच्यावर चित्रपट केला त्यांना तो त्यांच्या बोलीत, त्यांच्या गावात दाखवण्याचा खर्च अंदाजपत्रकात पहिल्या दिवशी लिहून ठेवा. 'मूलादे'तली माणसं फ्रेंच बोलतात ती जरुरीपुरती, गाव बोलतं ते आपल्या भाषेत.

८. "तिकडे असं असतं" हे वाक्य सभेत टिकू देऊ नका.

चित्रपट संपल्यावर कुणीतरी म्हणतंच, "बापरे, आफ्रिकेत काय काय चालतं!" युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगात २३ कोटींहून जास्त मुली आणि स्त्रिया या प्रथेतून गेल्या आहेत. त्यांतल्या १४ कोटींहून जास्त आफ्रिकेत हे खरं, पण ८ कोटी आशियात आहेत. आणि मुंबईत आहेत. दाऊदी बोहरा समाजात सात वर्षांच्या आसपास मुलीची खतना करण्याची चाल आहे. त्याच समाजात वाढलेल्या स्त्रियांनी या विषयावर तोंड उघडलं. २०१५ मध्ये मुंबईत 'सहियो' ही संस्था सुरू झाली. त्याआधी २०१२ मध्ये प्रिया गोस्वामी यांनी 'अ पिंच ऑफ स्किन' हा लघु माहितीपट केला. त्याची राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष दखल घेतली गेली. सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली, २०१८ मध्ये ती घटनापीठाकडे सोपवली गेली. ही आमची धार्मिक बाब आहे, असं म्हणणाऱ्या बोहरा स्त्रियाही पुढे आल्या. सभेत हे सांगायलाच हवं, नाहीतर चित्र अर्धं राहतं.

इथे फार जपून बोलावं लागतं. मुंबईचं नाव निघालं की सभेतला बोटाचा रोख आफ्रिकेवरून एका छोट्या समाजाकडे वळतो आणि चर्चेचा विचका होतो. मी त्या क्षणी विचारते, आपापल्या घरात बाईच्या शरीराबद्दल न बोलायच्या गोष्टी कुठल्या? गर्भाशय काढून घेणाऱ्या आपल्याच बीडच्या ऊसतोड बायका सभेला माहीत असतात. पाळी आली की मुकादमाचा दंड नको, म्हणून पिशवी काढायची. त्यावर आपण किती वर्षं गप्प होतो? बोट आपोआप खाली येतं.

९. कुणालाही कबुली द्यायला लावू नका.

चर्चेत एखादी बाई अचानक स्वतःबद्दल बोलू लागते. बोलू द्या, पण खोदू नका, टाळ्या वाजवू नका, मोबाइलवर चित्रण तर मुळीच होऊ देऊ नका. शक्य असेल तर समुपदेशक किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ सभेत आधीपासून बसलेली असावी आणि खेळानंतर ती थांबणार आहे हे सुरुवातीलाच सांगावं. जी बाई काहीच बोलत नाही तिला कोलेनं पुरेसं दिलेलं असतं.

१०. एकदा मिळालेलं पुन्हा राखावं लागतं.

गांबियानं २०१५ मध्ये या प्रथेवर कायद्यानं बंदी घातली. नऊ वर्षांनी ती बंदी उठवण्याचं विधेयक तिथल्या संसदेत आलं. सुंता झालेल्या स्त्रिया स्वतः पुढे आल्या, बोलल्या, आणि जुलै २०२४ मध्ये संसदेनं ते विधेयक फेटाळलं. बंदी राहिली. पण ती जाऊ शकत होती.

तुमच्या गावात चित्रपट मंडळ असेल, महिला मंडळ असेल, महाविद्यालयात एखादं सभागृह संध्याकाळी रिकामं राहत असेल, तर रीतसर परवानगी घेऊन 'मूलादे' दाखवा. ६ फेब्रुवारी हा या प्रथेविरुद्धचा जागतिक दिवस आहे, पण त्याची वाट बघायची गरज नाही. चित्रपट दोन तासांचा आहे. बोलण्यासाठी आणखी दोन तास हाताशी ठेवा आणि सभागृहवाल्याला ते आधीच सांगून ठेवा.